घोडा एकाच बाजूला बुजतो? आधी त्या बाजूचा डोळा बघा

दोन्ही बाजूंना बुजणारा घोडा नवखा असेल, भित्रा असेल, किंवा त्याने कधीतरी मार खाल्लेला असेल. रोज त्याच एका बाजूला बुजणाऱ्या घोड्याची गोष्ट वेगळी. माथेरान-पाचगणीकडच्या भाड्याच्या घोड्यांमध्ये आणि वरातीच्या घोड्यांमध्ये ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. घोडेवाला म्हणतो, "अडेल झालाय, डावीकडे वळतच नाही." तोवर घोड्याने टाचा आणि चाबूक दोन्ही सोसलेलं असतं. तपासलं की बऱ्याचदा त्या बाजूचा डोळा अधू निघतो.

ही तपासणी कशी करायची ते खाली क्रमाने लिहितो. सुरुवातीच्या पायऱ्यांना पैसे लागत नाहीत. कुठे थांबून डॉक्टरला बोलवायचं, तेही जागोजागी सांगितलं आहे.

लक्षणं

- एका हाताला सहज वळतो, दुसऱ्या हाताला वळताना थबकतो किंवा मान उलटी फिरवून बघतो.
- त्या बाजूने माणूस, माकड, सायकल आली तर उशिरा दचकतो. वस्तू अगदी अंगाशी आल्यावर उसळतो.
- तबेल्याच्या दारात नेहमी एकच पुठ्ठा (मागच्या मांडीवरचा भाग) घासतो. त्याच बाजूला खांद्यावर किंवा डोळ्याच्या वरच्या हाडावर खरचटल्याच्या खुणा असतात.
- त्या बाजूचा कान सारखा बाजूला आणि मागे फिरत असतो.
- डोकं किंचित तिरकं धरून चालतो.
- चंदीची (दाण्याची) बादली त्या बाजूला सरकवली तर हुंगत शोधतो.
- शेजारचा घोडा त्या बाजूने जवळ आला की आधी लाथ, मग ओळख.
- कडक उन्हातून झाडाच्या गर्द सावलीत शिरताना अडतो. तिन्हीसांजेला त्रास वाढतो.

यातलं एखादंच लक्षण दिसलं तर घाबरू नका. तीन-चार आणि सगळी एकाच बाजूची असतील, तर पुढे वाचा.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न हलवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त शेपटीच्या सरळ मागे आणि कपाळाच्या अगदी पुढ्यात थोडी जागा दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा समोरचा पट्टा साधारण ६० ते ७० अंशांचा. उरलेलं सगळं एकेकट्या डोळ्याच्या वाट्याचं असतं. म्हणून एक डोळा गेला की घोड्याची एक अख्खी बाजू जाते, आणि जवळच्या दगडाचं, पायरीचं अंतर जोखणंही कठीण होतं. पळून जीव वाचवणारं हे जनावर आहे. जी बाजू दिसत नाही तिथून काहीही आलं तर ते उसळणारच.

पहिली तपासणी: डोळा दुखतोय का?

हे सगळ्यात आधी, कारण याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. घोड्याच्या समोर उभे राहा आणि दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांचे केस बघा. निरोगी डोळ्याचे केस आडवे, सरळ बाहेर आलेले असतात. एका डोळ्याचे केस खाली झुकले असतील तर तो डोळा दुखतोय. पाणी गळणं, डोळा अर्धवट मिटून घेणं, उजेडाकडे पाठ करून उभं राहणं, बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, निळसर किंवा पांढरट झाक, पापणी सुजलेली, ही सगळी दुखण्याचीच चिन्हं.

यातलं एकही दिसलं तर तपासणी इथेच थांबवा. खोगीर उतरवा, घोडा अंधाऱ्या जागी बांधा, माश्या बसू देऊ नका आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. उद्यावर ढकलू नका. बुबुळावरची जखम चिघळली तर एक-दोन दिवसांत डोळा फुटू शकतो. सीझनमध्ये एक दिवस घोडा बांधून ठेवणं घोडेवाल्याला किती जड जातं, हे मला ठाऊक आहे. पण डोळा गेला तर त्या घोड्याच्या पुढच्या प्रत्येक सीझनचा धंदा अर्ध्यावर येतो.

डॉक्टर येईपर्यंत डोळ्यात काहीही घालू नका. मीठ फुंकणं, तंबाखूचं पाणी, तुरटी, चुना यांनी बुबुळ भाजतं. घरात उरलेले माणसाचे थेंब तर त्याहून घातक, कारण त्यांत स्टेरॉइड असू शकतं. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड पडलं की जखम भरत नाही, आणि आपल्या दमट हवेत तिथे बुरशी धरली असेल तर ती झपाट्याने आत शिरते. काही करायचंच असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापसाने डोळ्याबाहेरची घाण टिपा. बस एवढंच.

डोळा दुखत नाही अशी खात्री झाली, तरच पुढे जा.

दुसरी: साज उतरवून बघा

कपाळावरचे केस डोळ्यावर येतात का? लगामाचा गालपट्टा डोळ्याला लागतो का? ढापणं (डोळ्यांच्या बाजूची झाकणं) एका बाजूला सरकली आहेत का? वरातीच्या घोड्यांना कपाळावर झालरी, गोंडे, आरसे बांधतात. त्याची एक लड सारखी डोळ्यासमोर हलत राहिली तरी घोडा त्या बाजूला बुजतो, आणि ती घासून डोळ्याला इजाही होते. सगळा साज काढा, साधी म्होरकी (तोंडात लोखंड नसलेली दोरीची मुसकी) घाला आणि घोडा हातात धरून दोन्ही हातांना फिरवा. बुजणं थांबलं तर दोष साजात किंवा साजाने दुखणाऱ्या जागेत आहे.

त्याच वेळी तोंड आणि पाठ बघा. एका बाजूच्या दाढेला धार आली असेल किंवा कडियाळं (तोंडातलं लगामाचं लोखंड) एकीकडे बोचत असेल, तर घोडा त्या हाताला वळायला नाकारतो. खोगिराखाली एका बाजूला सूज असेल तरी तेच. फरक सोपा आहे. तोंड-पाठीच्या दुखण्याचा घोडा साज काढल्यावर सरळ वागतो. डोळ्याचा घोडा मोकळा सोडला तरी दाराला पुठ्ठा घासतोच.

तिसरी: तळहाताची परीक्षा

फुकटची आणि सगळ्यात उपयोगी, पण बहुतेक जण ती चुकीची करतात. घोड्याच्या खांद्यापाशी उभे राहा, त्याच्याशी बोलत राहा. बोटं पसरलेला तळहात बाजूने डोळ्याकडे पटकन न्या आणि वीतभर अंतरावर थांबवा. दिसत असेल तर घोडा पापणी मिटतो किंवा डोकं मागे घेतो.

बोटं पसरायची, कारण मिटलेल्या तळहाताने वारा येतो आणि आंधळा डोळाही वाऱ्याने मिटतो. डोळ्याभोवतीच्या लांब राठ केसांना हात लागू द्यायचा नाही, कारण ते केस स्पर्श ओळखतात. हात समोरून नेऊ नका, तो दुसऱ्या डोळ्याला दिसतो. सोबत्याला चांगल्या डोळ्यापुढे तळहाताचा आडोसा धरायला सांगा. मग बाजूने, मागून आणि खालून असं वेगवेगळ्या दिशांनी करून बघा. काही घोड्यांना एका कोपऱ्यातलं दिसतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं दिसत नाही. दोन्ही डोळे तपासा, चांगला वाटणारा आधी, म्हणजे या घोड्याची नेहमीची प्रतिक्रिया कळेल. एक लक्षात असू द्या: नुकत्या जन्मलेल्या शिंगराला ही प्रतिक्रिया नसते. ती पहिल्या काही आठवड्यांत शिकून येते.

शंका राहिली तर कापसाचा बोळा त्या बाजूने डोळ्यासमोरून खाली टाका. त्याचा आवाज होत नाही, वारा येत नाही. नजर किंवा कान त्याच्यामागे गेला तर काहीतरी दिसतंय. मात्र कंटाळलेला घोडा दिसत असूनही बोळ्याकडे ढुंकून बघत नाही, म्हणून यावर एकट्यावर निर्णय घेऊ नका.

चौथी: अंधारात बॅटरी

तबेल्यात अंधार करा, काही मिनिटं थांबा. घोड्याची नजर अंधाराला सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ घेते. बॅटरी बाजूने डोळ्यावर टाका. आडवी बाहुली हळूहळू अरुंद व्हायला हवी. दोन्ही डोळ्यांची तुलना करा. बाहुलीच्या वरच्या काठावर काळपट दाणे लोंबताना दिसतील, ते निरोगी घोड्याला असतातच. गाठ समजून घाबरू नका.

काय दिसलं त्याचा अर्थ असा:

बाहुलीच्या आत पांढरं दिसतं, तर मोतीबिंदू असू शकतो. बुबुळाच्या वरच पांढरा डाग असेल, ज्याला आपण फूल पडणं म्हणतो, तर तो जुन्या जखमेचा व्रण असू शकतो. बाहुली मोठी, उजेडातही न हलणारी, आणि डोळा मात्र स्वच्छ दिसतोय, तर आठवून बघा: घोडा उभा राहून मागे उलटला होता का? डोक्याला मार लागून डोळ्यामागची नस दुखावली की असं होतं. बाहुली एकदम बारीक आणि वाकड्यातिकड्या काठांची असेल तर डोळ्याच्या आत सूज येऊन गेली आहे किंवा अजून आहे.

बॅटरीने बाहुली हलली म्हणजे दिसतं, असं मात्र समजू नका. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्याची बाहुलीही उजेडाला हलते. तळहात आणि बॅटरी, दोन्हींचं उत्तर मिळून बघायचं.

आणि याच वेळी आपल्याकडचा एक खास प्रकार डोळ्यात दिसू शकतो: बुबुळामागच्या पाण्यात वळवळणारा पांढरा दोरा. तो सेटारिया नावाचा जंत आहे. त्याचं मूळ घर गाई-बैलांच्या पोटात. डासांमार्फत तो घोड्यात येतो आणि वाट चुकून डोळ्यात पोचतो. गोठा आणि तबेला शेजारी असेल आणि डास भरपूर असतील तिथे याची शक्यता जास्त. झाडपाला किंवा थेंबांनी तो निघत नाही. शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो, आणि लवकर काढला तर डोळा वाचण्याची आशा चांगली असते. दोरा दिसला की थांबा, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरला पाठवा.

पाचवी: अंगणातला अडथळा

मऊ, सपाट, बंदिस्त जागा हवी. उतार, कठडा, दगडी पायरी जवळ नको. चार-पाच बादल्या आणि दोन बांबू जमिनीवर मांडा आणि घोडा सैल दोरीने त्यातून न्या. मग संशयित डोळा मऊ कापडाने झाका आणि पुन्हा न्या. तो आधीसारखाच चालला, तर त्या डोळ्याकडून त्याला तसंही फारसं मिळत नव्हतं. आधीपेक्षा जास्त ठेचकाळला, तर त्या डोळ्यात अजून थोडी नजर आहे, आणि ती वाचवण्यासारखी आहे.

चांगला डोळा कापडाने झाकून घोडा चालवून बघायचा मोह टाळा. पूर्ण अंधार झालेला घोडा एका क्षणात माणसाच्या अंगावर येतो. ती परीक्षा डॉक्टरसमोरच व्हावी.

सहावी: पशुवैद्य

वरच्या तपासण्यांनी डोळा अधू ठरला, तर दुखत नसला तरी कारण शोधायला डॉक्टर हवाच. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा विषय असेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोडा टेम्पोत चढवण्याआधी फोन करून घोड्याचा डोळा बघणारे सर्जन कोणत्या दिवशी आहेत ते विचारा.

डॉक्टर फ्लुरोसीन या रंगाचा थेंब टाकतील. जखम असेल तिथे हिरवा रंग धरतो. डोळ्याचा दाब मोजतील, आतला पडदा बघतील. दुखणं महिन्या-दोन महिन्यांनी परत येत असेल तर तो युव्हिआयटिस असू शकतो, म्हणजे डोळ्याच्या आतली पुन्हा पुन्हा येणारी सूज. लेप्टोस्पायरा या जिवाणूचा संसर्ग हे त्याचं एक कारण. उंदरांचं मूत मिसळलेलं साचलेलं पाणी त्याला पोषक, म्हणून पावसाळ्यात पाण्याची टाकी आणि चंदीची कोठी जपा. यात अ‍ॅट्रोपिन हे बाहुली मोठी ठेवणारं औषध दिलं असेल तर घोड्याच्या लिदीकडे लक्ष ठेवा. त्याने आतडी मंदावतात आणि पोटशूळ होऊ शकतो.

डोळ्यावर फूल, सोबत येता-जाता ताप, पोटाखाली सूज, हिरड्या फिकट आणि खाऊनही घोडा वाळतोय, असं सगळं एकत्र असेल तर रक्त तपासून घ्या. गोमाश्यांमार्फत पसरणारा सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार असू शकतो. तेव्हा नुसत्या डोळ्यावर औषध करत बसलात तर घोडाच हातचा जातो. पांढऱ्या तोंडाच्या, गुलाबी कातडीच्या घोड्याच्या तिसऱ्या पापणीवर (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या पडद्यावर) लालसर मांस वाढत असेल तर तोही कर्करोगाचा संशय धरून लगेच दाखवा.

कधी कधी डॉक्टर डोळा काढायचा सल्ला देतात. घोडेवाल्याला तो ऐकवत नाही, मलाही दर वेळी ऐकताना जड जातं. पण सतत ठणकणारा, न दिसणारा डोळा ठेवण्यात घोड्याचं काहीच भलं नाही. तो काढल्यावर घोडे खायला-प्यायला लागतात, मान सैल सोडतात. अमेरिकेत पॅच नावाचा एका डोळ्याचा शर्यतीचा घोडा २०१७ साली केंटकी डर्बीत धावला आणि त्याच वर्षी बेलमॉन्ट स्टेक्समध्ये तिसरा आला. काढलेल्या डोळ्याने घोड्याचं आयुष्य संपत नाही.

एका डोळ्याच्या घोड्याला चालवताना

डॉक्टरने दुखणं नाही असं सांगितलं आणि घोडा सावरला, की शिकवणी नव्याने सुरू करायची. नजर हळूहळू गेली असेल तर घोडा बराचसा आपणहून शिकलेला असतो. अचानक गेली असेल तर काही आठवडे, कधी महिने द्यावे लागतात.

आवाज हा आता लगामाइतकाच महत्त्वाचा. न दिसणाऱ्या बाजूने जाताना लांबूनच बोलायला सुरुवात करा, मग खांद्यावर हात ठेवा, आणि हात न उचलता पुढचं काम करा. शब्द ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना तेच वापरायला सांगा: पायरीला एक, वळणाला एक, थांबायला एक. रोज वेगळे शब्द वापरले तर त्याला काहीच कळत नाही.

सुरुवातीला दिसणाऱ्या बाजूने धरून चालवा, कारण तिकडे काही दिसून तो दचकला तर न दिसणाऱ्या बाजूला उडी मारेल आणि तिथे तुम्ही नको. आवाजाला पक्का झाला की मग न दिसणाऱ्या बाजूने, खांद्याच्या थोडं पुढे, मानेला हात लावून चाला.

स्वार असताना न दिसणाऱ्या हाताला वळायचं असेल, तर वळणाच्या आधीच मान थोडी तिकडे आणा, म्हणजे चांगल्या डोळ्याला वाट दिसते. त्या बाजूची मांडी हलकी लावून ठेवा, वळण मोठं घ्या. डोकं खाली बांधून ठेवणारा पट्टा काढून टाका. मान वळवूनच त्याला अंतर कळतं, तीच बांधली तर राहिलेली नजरही वाया जाते. मान एकाच बाजूला वळवून ती आखडते, म्हणून रोज गाजर दाखवून दोन्ही बाजूंना मान ताणून घ्या. उन्हातून सावलीत शिरताना क्षणभर थांबवा. डाव्या डोळ्याचा दोष असेल तर उजवीकडूनही स्वार होऊ देण्याची सवय लावा.

दरीच्या वाटांबद्दल मी आग्रहाने सांगतो. माथेरानच्या पॉइंटांकडे जाणाऱ्या लाल मातीच्या अरुंद वाटांवर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उतार असतो. दिसणारा डोळा दरीकडे ठेवा, असं जुने लोक सांगतात आणि ते बरोबर आहे. पण जाताना दरी ज्या बाजूला, येताना ती दुसऱ्या बाजूला. परतीच्या वाटेवर तोच घोडा न दिसणाऱ्या बाजूने कड्याशेजारून चालतो, आणि तेव्हा पाठीवर थकलेला प्रवासी असतो. म्हणून अशा घोड्याला कड्याच्या वाटेवर भाड्याने नेऊ नका. रुंद रस्ता, ओळखीची चढण, सामान वाहणं, हे त्याला जमतं. आता तिथे ई-रिक्षा येतात, त्यांचा आवाज जवळपास नसतो, म्हणून न दिसणाऱ्या बाजूला माणूस चालत ठेवा. रांगेत त्याला शेवटी ठेवा, म्हणजे मागून कुणी अंगावर येणार नाही.

लहान मूल किंवा पहिल्यांदाच बसणारा माणूस त्याच्या पाठीवर नको. ओळखीचा, हाताचा हलका स्वारच हवा. आणि कायद्याचंही भान ठेवा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार आजाराने, व्यंगाने किंवा जखमेने कामाला अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. कोणत्या कामाला योग्य आणि कोणत्या नाही, हे डॉक्टरकडून लिहून घ्या.

तबेल्यात पाणी, चंदी, मीठ यांची जागा बदलू नका. दाराच्या चौकटीचे कोपरे गोणपाटाने गुंडाळा, डोळ्याच्या उंचीवरचे खिळे आणि तारांची टोकं काढा. शेजारी शांत घोडा बांधा. उरलेल्या डोळ्याला माशीची जाळी घाला आणि रोज सकाळी खरारा करताना पापण्यांचे केस बघा.

त्या दुसऱ्या डोळ्यात झाक दिसली, पाणी आलं किंवा तळहाताला पापणी उशिरा मिटली, तर त्या क्षणापासून खोगीर बंद. डॉक्टर स्पष्ट होकार देईपर्यंत कुणीही बसायचं नाही, ओळखीचा स्वारही नाही.

आणि कधी विकायची वेळ आली, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात असो की घरच्या घरी, तर डोळ्याचं आधी सांगा. तिथे जाणते खरेदीदार पापणी उघडून बघतातच, पण नवखा माणूस फसतो आणि पडतो. घोडा कोणत्या शब्दावर थांबतो, कोणत्या शब्दाला पायरी समजतो आणि कोणत्या बाजूने जवळ जायचं, हे कागदावर लिहून म्होरकीसोबत द्या.